मास्तरांचं आईवरचं गाणं

मूल गावातल्या मुलींच्या शाळेत मी चौथीत असताना गाण्याच्या मास्तरांनी आमच्याकडून आईवर एक समूहगीत बसवून घेतलं. शब्द त्यांचेच, चालही त्यांचीच. अर्ध्या मुली आई, अर्ध्या लेकरं. आम्ही आयांनी हाक मारायची, समोरून लेकरांनी ओ द्यायची, आणि शेवटी सगळ्यांनी एका सुरात गायचं. शिकवताना मास्तर डोळे पुसायचे. मला ते फार थोर वाटत.

एकदा त्यांनी मला घरून तबल्याची हातोडी आणायला पाठवलं. पुढचं दार लागलेलं, म्हणून मी मागून गेले. गोठ्यात बैलांशेजारी, धानाच्या तणसावर एक म्हातारी पडली होती. लुगडं मुतानं भिजलेलं, पायाच्या जखमेवर माश्या.

"पोरी, मले पानी देतं का वं?"

मास्तरीणबाई मागच्या दारात आल्या. "तिले हात नोको लावू! सासू आहे माही. घरभर घाण करते, म्हून इथी ठेवली."

मी हातोडी घेऊन निघाले. पाणी दिलं नाही. त्या वासापुढे मला थांबवेना, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी तालमीत माझ्या तोंडून हाकच निघेना. मास्तरांनी मला बाजूला घेतलं.

"काऊन थांबली?"

"तुमची आई गोठ्यात आहे."

त्यांनी मारलं नाही. पाठीवरून हात फिरवला नि हसून म्हणाले, "ते घर आहे, बेटा. हे गाणं आहे."

तो हात मला अजून पाठीवर जाणवतो. पाल चढल्यासारखा.

घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "लोकायच्या घरात आपण काय बोलाव? तू गुमान गानं म्हन."

मी गायले. पण शाळा सुटली की कुंपणातून शिरून म्हातारीला लोटाभर पाणी पाजायचे, श्वास रोखून. ती माझं मनगट धरायची, आणि कधी हात सुटतो असं मला व्हायचं.

धान कापणीला आलं तेव्हा ती गेली. तेरवीला मास्तरांनी आम्हाला मांडवात उभं करून तेच गीत म्हणवून घेतलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. "असा लेक पाह्यजे," कोणीतरी म्हणालं. माझी आईही रडत होती.

पंगत बसली. बुंदीचा वास आला आणि मी मांडवामागे जाऊन ओकले.