पानगळीत आई हरवली तो शनिवार

आई आमच्याकडे अमेरिकेत मॉरिसव्हिलला आली ती २००५च्या ऑगस्टमध्ये, सहा महिन्यांसाठी. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि साताऱ्याच्या घरात ती एकटीच राहायची. भाऊ पुण्याहून दर रविवारी जाऊन यायचा. त्यानेच मला फोनवर सांगितलं होतं, "हल्ली जरा विसरते. लक्ष ठेव." या वयात सगळेच विसरतात, असं म्हणून मी तो विषय तिथेच संपवला.

इथे आल्यावर तिने दोनदा शेगडी चालूच ठेवली. एकदा बाथरूम समजून कपाटाचं दार उघडून उभी राहिली. माझी मुलगी अकरा वर्षांची होती, ती म्हणाली, "मम्मा, व्हाय डज आजी कीप आस्किंग द सेम थिंग?" मी तिला गप्प केलं. नवरा त्या दिवसांत प्लेनोला क्लायंटकडे असायचा आणि वीकएंडला घरी यायचा. तो दर वेळी म्हणायचा, "डॉक्टरांना दाखवू या." मी डिसेंबरवर ढकलत होते. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज तोंडावर आहे, हे कारण होतंच. पण खरं म्हणजे डॉक्टरांनी एकदा आजाराचं नाव घेतलं की माघारी फिरता येणार नाही, याची मला भीती होती.

त्याच वर्षी मी डिजिटल कॅमेरा घेतला होता. आठवडाभर ऑफिसातल्या क्युबिकलमध्ये बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि शनिवारी गाडी काढून शहराबाहेर जायचं, असं चाललं होतं. आमच्या भागात पानांना रंग यायला नोव्हेंबर उजाडतो. मेपल आधी पेटतात, मग स्वीटगम, शेवटी ओक. ते तीन आठवडे माझा पाय घरात ठरत नसे. शिवाय इथल्या मराठी मंडळाच्या नव्या कॅलेंडरसाठी फोटो मागवले होते आणि त्यातलं एक तरी पान माझं असावं, असं मला फार वाटत होतं.

हिवाळ्यासाठी इथे घड्याळं एक तास मागे करतात, त्यानंतरचा तो पहिला शनिवार. नवऱ्याला त्या वीकएंडला येता आलं नव्हतं. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. आईला एकटीला घरी ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. साडीवर नवऱ्याचं तपकिरी जॅकेट, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज, अशी ती गाडीत बसली. तासाभराच्या रस्त्यात तिने तीनदा विचारलं, "आपण कुठे चाललोय गं?" तिसऱ्यांदा मी जरा जोरातच म्हणाले, "आई, झाडं बघायला. किती वेळा सांगू?"

ते एक छोटं सरकारी जंगल होतं. मधून ओढा वाहायचा आणि पलीकडे शेतं होती. पायवाटेने पंधरा मिनिटं चाललं की ओढ्याच्या वळणावर एक मोठा मेपल लागतो. तळापासून शेंड्यापर्यंत लाल, आणि खाली ओढ्यात त्याचं प्रतिबिंब. मी ट्रायपॉड लावला. आई समोर जाऊन पानं वेचायला लागली.

"आई, फ्रेममध्ये येतेस. जरा बाजूला हो ना."

ती झाली. "इथे?"

"आणखी थोडी."

"किती बाजूला होऊ?"

"तिकडे त्या झाडापाशी थांब. मी सांगते मग."

ढग येत-जात होते. ऊन पडलं की मी फोटो घ्यायचे, गेलं की वाट बघायचे. मध्ये एकदा वळून पाहिलं तेव्हा ती झाडापाशी पडलेल्या ओंडक्यावर बसली होती. नंतर पाहिलं तेव्हा ओंडका रिकामा होता.

पहिल्यांदा मला रागच आला. वाटलं, झाडामागे गेली असेल. दोन हाका मारल्या. मग वाटेने पुढे गेले, परत आले, ओढ्याच्या काठाने गेले. वाळलेल्या पानांचा घोट्यापर्यंत थर होता. त्यात पावलं उमटत नाहीत आणि स्वतःच्या चालण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकूही येत नाही. मी दहा पावलं पळायचे, थांबायचे, कान द्यायचे. ओढ्यात कमरेइतकं पाणी होतं. त्यात पानं तरंगत होती आणि प्रत्येक गडद पुंजक्यापाशी मी वाकून बघत होते.

"आई, आई" असं ओरडत मी फिरत होते. मग लक्षात आलं की ती त्या हाकेला ओ देईलच असं नाही. शेवटी मी तिला तिच्या नावाने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तिकडूनही काही आलं नाही.

फोनला रेंज नव्हती. जागा सोडून मदतीला जावं, तर ती परत येईल आणि मी दिसणार नाही. थांबावं, तर दोन तासांत अंधार पडणार होता. किती वेळ मी तिथल्या तिथे गोल फिरले, मला सांगता येणार नाही. मग ट्रायपॉड तसाच सोडून, गळ्यात कॅमेरा लटकत ठेवून, मी पार्किंगकडे पळत सुटले. तिथल्या खोलीत रेंजर बाई होत्या, पन्नाशीच्या, शांत. आई हरवल्याचं सांगताच त्यांनी वही उघडली.

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"अर्धा तास झाला असेल."

"इंग्लिश येतं त्यांना?"

"नाही."

"कोणत्या रंगाचे कपडे आहेत?"

"तपकिरी जॅकेट. आणि साडी."

"साडी कोणत्या रंगाची, मॅम?"

सकाळी निऱ्या मीच ठीक करून दिल्या होत्या. पण रंग आठवेना. दिवसभर मी रंगांखेरीज दुसरं काही पाहिलं नव्हतं.

"फोटो असेल ना आजचा?" त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो मागे मागे जात राहिले. मेपल. मेपल. पाण्यातला मेपल. एक पान, त्यावर थेंब. कुंपण. पुन्हा मेपल. एकशे सहा फोटो आणि एकातही आई नाही. प्रत्येक फोटोखाली वेळ होती. मेपलचा पहिला दोन वाजून बारा मिनिटांनी, शेवटचा दोन एकावन्नला. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. रेंजर बाईंनीही ते पाहिलं. वहीतला 'अर्धा तास' खोडून त्यांनी वर नवा आकडा लिहिला.

एका फोटोच्या डाव्या कडेला बोटभर काहीतरी दिसलं. मोठं करून पाहिलं. पदर होता, आमसुली. जंगलात खाली पडलेली सगळी पानं त्याच रंगाची होती.

त्यांनी वायरलेसवर माणसं बोलावली. तेवढ्यात लांबून बंदुकीचा एक बार ऐकू आला, पाठोपाठ दुसरा. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"हरणांचा सीझन आहे," त्या म्हणाल्या. "पार्कात शिकारीला बंदी आहे. पण पलीकडची जमीन खाजगी आहे, आणि मधलं कुंपण काही ठिकाणी पडलंय."

आई तपकिरी जॅकेटमध्ये होती. त्यांनी मला, शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून, बिनबाह्यांचं केशरी जाकीट घालायला दिलं आणि म्हणाल्या, "तुमचा आवाज त्या ओळखतील. चला."

आम्ही पाच जण रांगेत अंतर ठेवून चाललो. मी मनात कबूल करत होते, काय वाट्टेल ते. डॉक्टरांकडे सोमवारीच नेईन. पुन्हा कधी तिच्यावर आवाज चढवणार नाही. कोणाशी हे बोलत होते, ठाऊक नाही. माझा देवावर फारसा विश्वास नव्हता. पाच वाजता खोडं काळी पडायला लागली आणि रंग सगळे सारखेच दिसायला लागले.

पाच वाजून गेल्यावर वायरलेस खरखरला. ओढ्यापलीकडच्या एका शेतकऱ्याने फोन केला होता. त्याच्या गोठ्यात एक म्हातारी बसलेली होती.

गाडीने वळसा घालून पोचायला दहा मिनिटं लागली. आई गवताच्या गठ्ठ्यावर बसली होती. कमरेपर्यंत भिजलेली, एका पायात बूट नाही, ओठ निळे. शेतकऱ्याने तिच्या अंगावर घोंगडी टाकली होती आणि तो दारात टोपी हातात घेऊन उभा होता. समोरच्या गाईशी ती हळू आवाजात मराठीत बोलत होती.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी सौजन्याने, जसं एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडे पाहावं.

"माझी मुलगी आहे तिकडे," ती म्हणाली. "फोटो काढतेय. तिला हाक नका मारू हं, तिचं काम चाललंय."

मी तिचे पाय चोळायला लागले. ती म्हणाली, "हात किती गार गं तुझे." तेव्हा तिने मला ओळखलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

दोन दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. ज्या नावाला मी घाबरत होते, ते तिथेच एका तरुण डॉक्टरने साध्या आवाजात सांगितलं आणि हेही सांगितलं की हे बऱ्याच दिवसांचं असणार.

भावाला मी फोन केला. त्याने विचारलं, "कसं झालं गं?"

"बुटाची नाडी बांधत होते. दोन मिनिटं नजर हटली."

"होतं असं," तो म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

जानेवारीत तो तिला न्यायला आला. एअरपोर्टवर आई व्हीलचेअरमध्ये बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "नोकरी, घर, मुलगी, आणि त्यात आई. एकटीने कसं निभावलंस, मला तर कल्पनाच करवत नाही." त्याचे डोळे भरून आले होते. खरं सांगायची तीच वेळ होती. मी त्याच्या हातात आईच्या औषधांची पिशवी दिली आणि सकाळची कुठली, रात्रीची कुठली, ते समजावून सांगितलं.

आई २००८मध्ये पुण्यात भावाच्या घरी वारली. मी तिसऱ्या दिवशी पोचले. येणाऱ्या प्रत्येकाला भाऊ सांगत होता, अमेरिकेत असताना हिने आईला डोळ्यांत तेल घालून जपलं. मी मान खाली घालून चहाचे कप उचलत राहिले. तो अजूनही तसंच सांगतो.