दीदीच्या मावशीचं बेट

आम्ही दोघी मुलचेऱ्याजवळच्या एका आरोग्य केंद्रात नर्स. मी अहेरीकडची गोंड, ती तिथल्याच निर्वासितांच्या वसाहतीत जन्मलेली बंगाली. वयानं मोठी म्हणून मी तिला दीदी म्हणते, ती मला बाई म्हणते. बारा वर्षं एकाच स्कूटीवरून आम्ही खेड्यापाड्यांत लसीकरणाला गेलो. माझे आजोबा या वसाहतींवर मरेपर्यंत चिडून होते. जंगल आमचं, जमिनीचे पट्टे यांना, असं म्हणायचे. दीदीला ते ठाऊक आहे. तिच्या घरी जेवताना मी एकदा ते तिला सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "बरोबरच म्हनत होते," आणि मला आणखी भात वाढला.

पूर्व बंगालमधून आल्यावर दीदीची आई आणि आईची थोरली बहीण निर्वासितांच्या एकाच छावणीत राहत होत्या. थोरलीचं लग्न झालेलं होतं. तिच्या सासरच्यांना अंदमानातल्या नील बेटावर जमीन मिळाली आणि धाकटीच्या आईबापांना आमच्याकडे. त्यानंतर बहिणी कधी भेटल्या नाहीत. आधी पत्रं होती, पुढे फोन आला. आई गेली तेव्हा दीदीनं मावशीला फोनवर कळवलं आणि वर्षभरानं मला म्हणाली, "मी जाऊन राह्यलो मावशीले पाहाले. तू चालतं का संगं?"

मी हो म्हटलं. दोघींनी विमान कधी आतून पाहिलेलं नव्हतं, तेव्हा एका सहल कंपनीबरोबर जायचं ठरलं. त्यांच्या चकचकीत कागदावर खाडीतली बोट होती, पांढरी वाळू होती आणि 'स्वर्गीय बेटांची सफर' असं लिहिलं होतं. दीदीनं फोनवर एकच गोष्ट विचारली. नीलला आम्हाला मोकळा वेळ मिळेल का? टूर मॅनेजर म्हणाला, दोन तास नक्की.

नागपूरच्या विमानतळावर तो भेटला. हातात छत्री, गळ्यात शिट्टी, आणि भाषा अशी की प्रत्येक शब्द इस्त्री करून आणलेला. दीदी त्याला म्हणाली, "मी खिडकीजवळ बसतो." तो हसला. "बसते म्हणा, ताई. तुम्ही काय पुरुष आहात?" आमच्याकडे बाया असंच बोलतात. दीदीची मातृभाषा तर मराठीही नाही. तिनं ही भाषा आमच्या बाजारात, आमच्या शाळेत उचलली होती, आणि हा शिट्टीवाला ती दुरुस्त करायला निघाला होता.

आमच्याबरोबर चोवीस माणसं होती. त्यांच्याविषयी चांगलं लिहावं म्हणून मी खूप आठवून पाहिलं. सूर्य समुद्रात बुडायला लागला की ही मंडळी त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची, कारण फोटोत चेहरा यायला हवा. कोळ्यांच्या धक्क्यावर नाकाला रुमाल लावून विचारायची, इथे वास का येतो. नाश्त्याला पोहे आले नाहीत त्या सकाळी असा गोंधळ झाला की जणू कुणी दगावलं. आणि रोज रात्रीच्या जेवणात एकमेकांना विचारायची, आपले आतापर्यंत किती पॉइंट झाले.

त्यांत निवृत्त झालेले एक साहेब होते. तीन वर्षं गडचिरोलीत काढली, हे त्यांनी पहिल्याच दिवशी जन्मठेप भोगल्यासारखं सांगितलं. "तुम्ही तिकडच्या?" ते मला म्हणाले. "धन्य आहे तुमची."

तिसऱ्या दिवशी खाडीतली बोट होती. तिथे जायचा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा निघतो, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, कुणाला काही द्यायचं नाही, असे तिथले नियम. मॅनेजरनं ते मोठ्यानं वाचून दाखवले आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "नशीब असेल तर डावीकडे दिसतील." बसमधले सगळे डावीकडे वळले. साहेबांनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून मांडीवर ठेवला आणि खिडकीची काच थोडी सरकवली.

मी त्यांच्या मागच्याच सीटवर होते. "हे कोनासाठी आहे, साहेब?"

"दिसले तर टाकतो. त्यांना आवडतात म्हणे."

मी हात पुढे केला. "मंग मले द्या. मी बी आदिवासीच आहो."

त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. हसत हसत त्यांनी पुडा दिला. मी तो फोडला आणि खायला लागले. एक दीदीला दिलं, तिनं घेतलं नाही. साहेबांचं हसू मावळलं. "अहो, तुम्ही तशा वाटत नाही," ते म्हणाले. माझ्या आजीच्या गावातही पूर्वी जीपमधून असेच लोक यायचे आणि बायांना उभं करून फोटो काढायचे. सादळलेली बिस्किटं होती ती. मी बाराच्या बारा खाल्ली. त्या दिवशी रस्त्यावर कुणीही आलं नाही, याचा मला जो आनंद झाला तो पुढच्या खाडीपेक्षा मोठा होता.

खाडी खरं तर सुंदर होती. दोन्ही काठांवरची झाडं मुळांवर उभी राहिल्यासारखी, खाली हिरवं, गार पाणी. पण बोटीत 'मगर कुठे आहे' असा एकच ओरडा चालू होता. मगर नाही हे कळल्यावर अर्ध्या लोकांनी मोबाइल काढले.

नीलला जायचं जहाज खवळलेल्या समुद्रामुळे तीन तास उशिरा निघालं. उतरल्यावर मॅनेजरनं छत्री वर केली. आता आधी काचेच्या तळाची बोट, मग जेवण, मग परतीचं जहाज. दीदीनं दोन तासांची आठवण दिली.

"ताई, परिस्थिती बघा ना. वीस मिनिटं देतो. मावशींना धक्क्यावरच बोलवून घ्या."

"तिचं वय पंच्याऐंशी आहे."

"मग व्हिडिओ कॉल करा, छान दिसेल."

बारा वर्षांत मी दीदीला कुणावर ओरडताना पाहिलेलं नाही, तेव्हाही ती ओरडली नाही. "मी जाऊन राह्यलो," एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली. मी मागोमाग निघाले. शिट्टी वाजली, दोनदा. आम्ही वळलो नाही.

विचारत विचारत घर सापडलं. पुढे वांग्याची वाडी, मागे पत्र्याचं घर, आणि वाडीला लागूनच एका रिसॉर्टची भिंत. मावशी ओसरीत विळीवर शेंगा चिरत बसली होती. मला वाटलं होतं, आता गळ्यात गळा पडेल. मावशीनं दीदीला वरून खालपर्यंत पाहिलं आणि बंगालीत म्हणाली, "तुझी आई मेल्यावर वेळ मिळाला तुला?"

बंगाली मला कळतं. त्या वसाहतींतली इतकी बाळंतपणं केल्यावर कळणारच.

दीदीनं पाया पडून सांगितलं, आईला यायचं होतं, जमलं नाही. मावशी ऐकेना. "तिला तिकडची जमीन मिळाली. रस्ता मिळाला, रेल्वे मिळाली. आम्हाला पाण्याच्या मधोमध आणून टाकलं."

"रेल्वे आमच्याकडे आजही नाही, मावशी. वाघ आहे."

"वाघ निदान दिसतो. समुद्र काय करणार ते दिसतं का?"

अशा त्या दोघी तासभर भांडल्या. कुणाच्या वाट्याला जास्त वाईट आलं यावर. बोलता बोलता दीदी धानाच्या शेताला 'बांधी' म्हणाली आणि मावशीला तो शब्दच कळेना. हा कुठला शब्द, तिनं विचारलं. दीदी माझ्याकडे बघून हसली. शब्द आमच्याकडचा होता. मावशी मात्र गंभीर झाली. "तुमची भाषासुद्धा त्यांनी घेतली का?" दीदी म्हणाली, "नाही, त्यांनी आम्हाला दिली." मला माझे आजोबा आठवले आणि मी खाली बघून शेंगा निवडू लागले.

मग मावशीनं विचारलं, "इतक्या लांब काय बघायला आलीस?"

"तुला."

"बघितलंस ना? आता जेव."

मासा आणि भात होता. आम्ही जेवत असतानाच जहाजाचा भोंगा वाजला. मॅनेजरचे सात फोन आले, आठवा मी घेतला. तो म्हणाला, कंपनी जबाबदार नाही. मी म्हटलं, ते आम्हाला आधीच दिसलं होतं.

दोन दिवस राहिलो. मावशी पर्यटकांना माश्या म्हणायची. रिसॉर्टनं पाणी उपसून तिची विहीर मचूळ केली होती. "येतात, पाण्यात उभे राहतात, किंचाळतात, जातात," ती म्हणायची. मला तिचं बोलणं फार आवडलं. निघायच्या सकाळी मी मोबाइल काढला आणि तिला म्हटलं, मावशी, जरा त्या नारळाखाली उभ्या राहा, मागे समुद्र येईल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हात आपोआप खाली आला. "मी काय बीच आहे?" ती म्हणाली. साहेबांच्या मांडीवर ठेवलेला पुडा आणि माझा मोबाइल यांत फार अंतर नव्हतं, हे मला धक्क्यावर पोचेपर्यंत टोचत राहिलं.

पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर सगळे पुन्हा भेटले. मॅनेजरनं आमच्याकडून 'स्वखुशीनं गट सोडला' असं लिहून घेतलं. साहेबांच्या बायकोनं दीदीला विचारलं, "मग, नीलला काय पाहिलं?"

"वांग्याची वाडी."

"अगं बाई, आणि बीच?"

"नाई पाहिला."

ती बाई खरंच हळहळली. त्या चोवीस जणांत मनापासून काही वाटलेली तीच एक, आणि तेही बीचसाठी.

पावसाळ्यानंतर मावशीच्या सुनेचा फोन आला. वाडी रिसॉर्टला भाड्यानं दिली होती, गाड्या उभ्या करायला. अंगठा खुद्द मावशीनं दिला होता. पाचव्या दिवशी एका गावाहून परतताना, मी स्कूटी चालवत असताना, मागून दीदी म्हणाली, "मचूळ पान्यावर वांगी होत नाईत, बाई. मायी आई असती त तिनं बी देली असती."

"माये आजोबा नसते देत," मी म्हटलं.

"त्यायले कोनं इचारलंच कुठी," दीदी म्हणाली.

ते खरं होतं. जंगलाचे पट्टे वाटले तेव्हा आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे वाटेत चिखल होता, ती उतरली आणि पायी चालू लागली.