अध्यक्षबाईच्या घरचे पाच तारे

आमच्या गल्लीत सगळ्यात कमी वीज खाणारं घर माझं होतं, आणि हे मीच ठरवलं होतं.

झालं असं, की वरोऱ्याच्या दुकानांत तेव्हा तारे चिकटवलेले फ्रिज नवीनच आले होते. जास्त तारे, कमी वीज. मी महिला मंडळाची अध्यक्ष. (दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून!) भर बैठकीत उठून म्हटलं, "फ्रिजले तारे भेटतात, तं घराले काऊन नाई? घरोघरी तपासणी करू. अन् माझ्या घराले पाच तारे नाई भेटले, तं खुर्ची सोडीन!"

"बाई, तुमचा कूलर तं दिवसभर घरघर करते," शिलाईवाल्या जुबेदाबी म्हणाल्या.

"तो यांचा आहे," मी सगळं नवऱ्यावर ढकललं.

तपासणीला जुबेदाबी आणि रामटेकेबाई. रामटेकेबाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्याकडे नुसतं पाहिलं तरी आपला गृहपाठ राहिलाय असं वाटायचं! मे महिना होता. मी मुद्दाम दुपारची, लोडशेडिंगची वेळ दिली. (वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते आणि आमच्याच घरून जाते!) लाइटच नाही, तर कूलर चालेल कसा? सकाळपासून तो फुल्ल सोडून खोली गार करून घेतली. खिडकीतलं ते धूड लपवायला आतून वाळ्याची ओली टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, टांगली. बटणांच्या बोर्डावर कॅलेंडर अडकवलं. लाइट गेली, आणि दोघी आल्या.

"अगं माय! कूलर नाई अन् एवढं थंड?"

"वाळ्याची कमाल," मी मान खाली घालून म्हटलं.

दोघी ज्या बसल्या, त्या बसल्याच! गप्पांत तास-दीड तास गेला. शेवटी जुबेदाबींनी पिशवीतून सोनेरी कागदाचे पाच तारे काढले आणि मागून खळ लावायला घेतली. माझी खुर्ची वाचली! आणि त्याच क्षणी मला बटण आठवलं.

आमच्याकडे लाइट गेली की कोणी बटण बंद करत नाही. परत आलेली कळणार कशी? कूलरचं बटण चालूच होतं, कॅलेंडरमागे. आणि कॅलेंडरखाली रामटेकेबाई, पाठ टेकून!

"बाई, इकडं बसा ना."

"इथीच बरं आहे."

"मले जरा एकादशी पाहाची होती..."

"थांबा, मीच पाहून देते," म्हणत त्यांनी कॅलेंडरला हात घातला.

"नाई नाई! राहू द्या!" मी किंचाळलेच. "ऊन वाढून राह्यलं, तुम्ही निघा आता!"

"म्हणूनच तं बसलो," जुबेदाबी म्हणाल्या. "अजून एक गिलास पन्हं द्या."

तेवढ्यात आमचे हे बनियनवर बाहेर आले. "काऊन वं, लाइट यायची वेळ झाली. कूलरमधी पाणी टाकू का?"

"कोणता कूलर?" मी विचारलं.

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

आणि लाइट आली! आधी टीव्ही बोंबलला. मग टट्टीमागून असा आवाज उठला, जशी कोळशाची मालगाडीच घरात शिरली. टट्टी सुटून रामटेकेबाईंच्या मांडीवर, पाण्याचे फवारे सगळ्यांच्या तोंडावर, आणि खळ लावलेले तारे हवेत! एक यांच्या बनियनवर बसला, एक माझ्या कपाळावर, बाकीचे पन्ह्यात.

मी बटणाकडे धावले.

"खबरदार!" रामटेकेबाई गरजल्या. मी जागीच थिजले. त्यांचे डोळे मिटलेले, पदर फडफडतोय. "बंद नका करू. पाच मिनिटं राहू द्या."

त्या पाच मिनिटांची संध्याकाळ झाली.

खुर्ची अर्थातच गेली. रामटेकेबाई अध्यक्ष झाल्या आणि पहिलाच ठराव केला: उन्हाळाभर मंडळाची बैठक रोज दुपारी, लाइट आली की, माझ्या घरी! साऱ्या बाया आपापले कूलर बंद करून यायला लागल्या. पुढच्या तपासणीत गल्लीतल्या घराघराला पाच-पाच तारे लागले, माझं तेवढं सोडून. निकाल माझ्याच खोलीत लागला, आणि टाळ्या मी उभी राहून वाजवल्या.

उभी राहून, कारण मला बसायला जागाच नव्हती!