धुतलेल्या उंबऱ्याचा खटला

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. शाळा मंगळवेढ्यात, वकिली सोलापुरात, आणि डॉक्टर नवऱ्याबरोबर कार्डिफला आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सगळ्या परीक्षा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे सरकारी वकील झाले. आपली मुलगी राणीच्या बाजूनं कोर्टात उभी राहते, असं वडील गावभर सांगत. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला दुकानातल्या चोऱ्या आणि दारू पिऊन गाडी चालवणारे येत.

मग एका आजींची फाइल आली. आजी आपल्याकडच्या. मुलगा हॉस्पिटलात डॉक्टर. तो रात्रपाळीला गेला की आजी घरी एकट्या. शेजारचा माणूस पहाटे त्यांच्या उंबऱ्यावर कचरा ओतायचा, अंडी फोडायचा, "पाकी, घरी जा" असं ओरडायचा; 'पाकी' ही तिथे आपल्यासारख्या सगळ्यांनाच दिली जाणारी शिवी. एकदा आजींकडून हे ऐकून मुलानं पोलिसांना फोन केला. पोलीस आले तर उंबरा लख्ख! आजींनी बादलीभर पाण्यानं धुऊन वर रांगोळीची चार बोटंही ओढली होती. 'शेजाऱ्यांची कुरबुर' असा शेरा मारून पोलिसांनी फाइल आमच्याकडे धाडली.

मला हसू आलं. पारोशा उंबऱ्यावर दिवस उगवू द्यायचा नाही, हे मला कुणी समजवायला नको होतं. पण कोर्टाच्या हिशेबी आजींनी पुरावाच धुऊन टाकला होता.

माझे वरिष्ठ मायाळू वेल्श गृहस्थ. नोकरीत मी टिकले ती त्यांच्यामुळे. चहाचा मग घेऊन ते टेबलाशी आले.

"तो शेजारी आरडाओरड्याचा गुन्हा कबूल करायला तयार आहे. फक्त ते शब्द आपण कोर्टात वाचायचे नाहीत. बाईंना साक्षीलाही यावं लागणार नाही."

"ते शब्द काढले तर उरतं काय?"

"एक कन्व्हिक्शन. दोषी ठरल्याची नोंद."

"कशाबद्दल? अंड्यांबद्दल?"

ते हसले नाहीत. "हरलीस तर तो सुटेल. आणि राहील बाईंच्या शेजारीच."

याची भीती मलाही होती. वर्णद्वेषी गुन्ह्यांसाठी तेव्हा वेगळा कायदा नव्हता. पण हेतू सरकारी वकिलानं सिद्ध केला, तर शिक्षा ठरवताना कोर्ट तो धरू शकत असे. वकिलानंच तो गाळला, तर कोर्टाच्या लेखी तो कधी नव्हताच. मी तडजोड नाकारली. पोलिसांना लिहिलं, समोरच्या घरांत पहाटे कोण उठतं, ते विचारून या.

सुनावणीच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये आजींनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई, तू आपल्यातली? कुठली गं?"

"आजी, मला तुमच्याशी खटल्याबद्दल बोलता येत नाही. तसा नियम आहे. आत विचारतील ते खरं सांगा."

"बरं, नको बोलू. जेवलीस का, ते तरी सांग."

आरोपीचा वकील हे बघत होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "तुम्ही हे जरा पर्सनली घेताय, नाही का?"

"तुमच्या अशिलानं घेतलं ना!" मी म्हणाले.

आजी साक्षीला उभ्या राहिल्या. मँचेस्टरहून आलेले दुभाषे शेजारी. सगळं नीट सांगितलं, पण तो शब्द काही उच्चारेनात. "असलं घाण मी तोंडातून काढत नाही." तो शब्द मला त्यांच्या तोंडी घालता येत नव्हता, आमच्या कामाचा नियमच तसा. मी खाली बसले.

मग पोलिसांनी शोधलेल्या समोरच्या घरातल्या वेल्श आजीबाई आल्या, हॅट घालून. त्यांना कसलाच संकोच नव्हता. कचरा, अंडी, आणि तो शब्द, खणखणीत आवाजात. आरोपी खाली बघू लागला.

त्याचा वकील उठला. "पोलीस यायच्या आधी या बाईंनी उंबरा धुऊन काढणं तुम्हाला विचित्र नाही वाटत?"

"विचित्र? लग्न झाल्यापासून मी रोज सकाळी माझी पायरी घासते, बाळा. माझी आईही घासायची. सगळी गल्ली घासायची. घाण तशीच ठेवली असती, तर मी विचित्र म्हटलं असतं. तुमच्या घरी पायरी कोण घासतं?"

सगळं कोर्ट हसलं. तीन मॅजिस्ट्रेटांतल्या एक बाई रुमालात हसल्या. मी मात्र दोन्ही म्हाताऱ्यांकडे बघत राहिले. इतकी वर्षं समोरासमोर राहून दोघी एकमेकींशी धड चार वाक्यं बोलल्या नव्हत्या.

गुन्हा शाबीत झाला. मी उठून हेतूबद्दल बोलले.

मुख्य मॅजिस्ट्रेट आरोपीला म्हणाले, "या बाईंच्या कातडीचा रंग पाहून तुम्ही त्यांना त्यांच्याच घरात छळलंत. हे साध्या दंगेखोरीहून गंभीर आहे, म्हणून शिक्षा वाढवत आहोत."

दुभाष्यांनी ते आजींच्या कानाशी मराठीत सांगितलं.

"परत सांगा. मोठ्यानं," आजी म्हणाल्या.

दुभाषे गोंधळले. त्यांनी आजींचं म्हणणं मॅजिस्ट्रेटांना सांगितलं. मॅजिस्ट्रेटांनी मान डोलावली. मग दुभाषे उभे राहिले आणि साऱ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात तो निकाल पुन्हा मराठीत बोलले. आरोपीला तो संपेपर्यंत उभं राहावं लागलं.