थंड खोलीतला वाळुंज

चौदा एप्रिलला काचघराचे वीजबिल आले: एकोणतीस हजार चारशे साठ रुपये. त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या थंड खोलीचे होते. व्यवस्थापकांनी माळीकाकांना बोलावून सांगितले, "महिनाअखेर ती खोली बंद. मशीन कायमचं थांबणार."

काकांना सगळे 'हवामानखातं' म्हणत. एका छपराखालच्या चार खोल्या त्यांनी एकतीस वर्षे सांभाळल्या होत्या: वर्षावन, गवताळ माळ, वाळवंट आणि टुंड्रा. शाळेची मुले आली की ते नळ आणि तापमापक दाखवत. "पाऊस किती आणि ऊब किती, एवढं ठरलं की कुठे काय उगवणार तेही बहुतेक ठरलंच. माळावर मात्र झुडपं माजतात. इथे गुरं नाहीत, वणवा नाही, म्हणून वर्षातून दोनदा मीच गुरं होतो," असे म्हणून विळा उचलून दाखवत.

थंड खोलीत वीतभरही उंच नसलेला, जमिनीला बिलगलेला, विलोच्या जातीचा एक बुटका वाळुंज होता. काका कामाला लागले तेव्हाही तो तिथेच होता. तो वाचवायचा, एवढेच आता त्यांच्या डोक्यात होते.

"दुसऱ्या काचघराला देऊन टाका की," कार्यालयातल्या लेखनिक बाई म्हणाल्या.

"विचारून झालं. थंड खोली कोणाकडेच नाही."

"मग?"

"सवय लावतो. रोज एक अंश. माणसं नाही का सासरी रुळत?"

"रुळतात तर! मला विचारा, काका."

दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी मशीनचा काटा एक अंश वर सरकवू लागले. नवव्या दिवशी वाळुंजाला बोटभर लांब फुटवे दिसले. काकांना कोण आनंद! हातातले काम टाकून ते बाईंना घेऊन आले.

"बघा! इतक्या वर्षांत पठ्ठ्या एवढा वाढला नव्हता."

बाईंनी वाकून पाहिले. "पांढुरका दिसतोय हो."

"कोवळं आहे, म्हणून."

सव्वीस तारखेला फुटव्यांनी माना टाकल्या. काकांनी घाईघाईने काटा खाली आणला. दोन दिवस घरी गेले नाहीत. उपयोग झाला नाही. थंडी त्या झाडाला खुजे ठेवत होती आणि त्यामुळेच ते जगत होते. ऊब मिळताच त्याने मुळांतला सगळा साठा दहा-बारा दिवसांत वाढण्यावर उधळला. मुलांना हेच तर काका वर्षानुवर्षे समजावून सांगत. स्वतःच्या झाडापाशी आल्यावर ते विसरले.

तीस तारखेला मशीन थांबले. काकांनी बोटाएवढे खोड कापले आणि भिंगाखाली धरून केसासारखी बारीक वलये मोजली.

"सत्तेचाळीस, बाई."

"माझ्याच वयाचा," बाई म्हणाल्या.

भिंग समोरच्या चष्म्याच्या दुकानातून आणले होते. त्याचे पस्तीस रुपये अजून द्यायचे आहेत.