खळीने चिकटवलेला फोटो

इस्त्रीवालीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कपडे धुण्याच्या कारखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करून ती घरी यायची आणि मुलीसाठी आठवणींची वही सजवायची. त्यात झबल्याचा तुकडा होता, शाळेच्या गणवेशाचं बटण होतं, आणि मधोमध तान्ह्या लेकीला हातांवर घेतलेल्या नवऱ्याचा फोटो. तो गेल्यावर त्याचा तेवढा एकच फोटो उरला होता.

सगळं तिने कारखान्यातल्या खळीने चिकटवलं. कॉलर ताठ ठेवणारी खळ कागद सोडते थोडीच! पण कसरीचे किडे खळीवरच ताव मारतात, हे तिच्या ध्यानात आलं नाही. एका रविवारी वही उघडली तर पानांची चाळण झालेली, आणि फोटोची कडा कुरतडलेली.

"आई, ओढून काढू?"

"हात लावून तर बघ! चेहरा फाटेल."

तिने पानाच्या मागून ओला फडका दाबला. भिजली की खळ सुटते, पण पाणी पुढे उतरलं तर चेहराच जाणार. जरा दाबायचं, थांबायचं, पुन्हा दाबायचं. लेक वाकून बघत होती.

"बाबा सुटतायत का गं?"

"तुझा बाप पहिल्यापासूनच चिवट. धीर धर."

मग तिने पातळ सुरी हळूच खालून सरकवली. कोपरा सुटला, खांदा सुटला, शेवटी हातांवरची लेक सुटली. कडा गेली, पण दोन्ही चेहरे शाबूत राहिले.

पुढच्या पगारातून तिने जाड पानांचा अल्बम आणला. त्यात फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवायचा असतो. खळीचा थेंबही लागत नाही.