शहाळ्यातला दिवा

जगात बंद असलेली एकही वस्तू माझ्या मधल्या मामाने सुखाने बंद राहू दिली नाही. कॅसलरॉकच्या रेल्वे दवाखान्यात तो कंपौंडर होता. पुड्या बांधायला डॉक्टरसाहेबांची जुनी इंग्रजी वैद्यकीय मासिकं मिळत. मामा आधी कागद वाचायचा, मग पुडी बांधायचा, आणि तोवर रोगी बाकावर खोकत बसायचा. अशाच एका कागदावर त्याला सापडलं, की अमेरिकेतल्या मूत्रविकारांच्या कुणा डॉक्टरने मूत्राशयात बघायची दिव्याची नळी उचलली आणि पाणी साचून डोकं फुगलेल्या दोन तान्ह्या मुलांच्या थेट मेंदूत घातली. तो कागद काही रोग्याला मिळाला नाही.

झालं, मामाने पिचकारीची पितळी नळी घेतली, साहेबांच्या मोडक्या विजेरीचा बल्ब तिच्या टोकाला बांधला, त्याची तार सेलला जोडली आणि गोव्याकडच्या गाडीने शहाळी मागवायला सुरुवात केली. शहाळ्याला बारीक भोक पाडायचं, थेंबही न सांडता नळी आत सोडायची आणि डोळा लावायचा. पाणी चष्म्यावर उडायचं, बल्ब विझायचा, आणि मामी शांतपणे म्हणायची, डोळ्यांनी पिऊन झालं असेल तर आम्हाला द्या. स्टेशनमास्तरपासून हमालापर्यंत सगळ्यांना मामाने ती गोष्ट ऐकवली होती: एक मूल चांगली काही वर्षं जगलं. मी एकदा दुसऱ्याचं विचारलं, तर मामाला एकाएकी बाटलीचं बूच नीट बसत नसल्याचं आठवलं.

गोष्ट रानातून फिरत फिरत कुंभारवाडा गावाकडच्या एका वाडीत पोचली. तिथली एक बाई वाटेत मुक्काम करून चालत आली. कडेवरच्या मुलीचं डोकं तिच्या अंगाला पेलत नव्हतं. बाईने मुलीला मामाच्या मांडीवर ठेवलं.

"तुम्ही डोस्क्यातलं पाणी बघताय म्हणं. माझ्या पोरीचं बघा की."

नळी शेजारच्या टेबलावरच होती. मामाने ती उचलून खिशात टाकली. मग म्हणाला, "बाई, दोन पोरं हुती. एक वाचलं. दुसरं गेलं. आनि मी आपली शहाळीच बघितल्यात."

तो स्वतः त्या दोघींना गाडीने बेळगावला घेऊन गेला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनीही ते फक्त वाचलेलं होतं; तसली नळी त्यांच्याकडे नव्हती. बाहेरच्या बाकावर मुलगी रडायला लागली, तेव्हा काही सुचेना म्हणून मामाने खिशातून नळी काढली आणि बल्ब पेटवला. मुलगी रडायची थांबली आणि हसली.

पुढे दीड वर्ष बाई महिन्यातून एकदा तिला घेऊन यायची. औषध नव्हतंच, मामा बल्ब पेटवायचा. मग एकदा बाई एकटीच आली, एक फणस ठेवून गेली. मामाने तो फोडू दिला नाही.

त्यानंतर शहाळी आली नाहीत. गोष्ट सांगायचं मात्र मामाने सोडलं नाही. फक्त आता ती गेलेल्या मुलापासून सुरू व्हायची, आणि वाचलेल्या मुलापर्यंत पोचायच्या आत त्याला चष्मा पुसावा लागायचा.